लॉकर बसवल्यावर कंपनीचा शाफ्ट किती सोसतो?

थार किंवा जुनी जिप्सी घेऊन डोंगरात भटकणाऱ्यांच्या गप्पा टायरवरून सुरू होतात आणि थोड्याच वेळात लॉकरवर येतात. मग कुणीतरी हमखास विचारतो, "लॉकर टाकला तर मागचे कंपनीचे शाफ्ट टिकतील का?" एक जण छातीठोकपणे सांगतो की काही होत नाही, आमच्या गाडीत वर्षानुवर्षं चाललेत. दुसरा म्हणतो, आधी शाफ्ट बदल, मगच लॉकरचं नाव काढ. दोघंही आपापल्या गाडीपुरतं खरंच बोलत असतात. एकाचा शाफ्ट टिकतो आणि दुसऱ्याचा तुटतो, यामागचं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. तरी ते फारसं कुणी मांडत नाही.

सुरुवात साध्या डिफरेन्शियलपासून करू. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचा दुसरा गुण मात्र लक्षात राहत नाही. वेग वेगळा चालतो, पण पीळ, म्हणजे टॉर्क, ते दोन्ही बाजूंना सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जवळपास काहीच जोर लागत नाही. मग दुसऱ्या, खडकावर घट्ट बसलेल्या चाकालाही तेवढाच 'काहीच नाही' इतका जोर मिळतो. हवेतलं चाक भिरभिरतं, गाडी जागची हलत नाही आणि बाजूला उभे असलेले मित्र सल्ले देऊ लागतात. डोक्याला ताप देणारा हा दोषच मागच्या शाफ्टला सांभाळत असतो. कारण दोन चाकांपैकी ज्याची पकड कमी, त्याच्यापेक्षा जास्त पीळ कुठल्याच शाफ्टवर येत नाही.

लॉकर हे संरक्षण काढून घेतो. दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, आणि जिकडे पकड आहे तिकडे एक्सलला मिळालेला सगळाच्या सगळा पीळ जाऊ शकतो. एक चाक हवेत असेल तर तो भार एकट्या शाफ्टवर.

आता आकडे घालून बघू. थारच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर, लो रेंज आणि क्राऊन-पिनियन यांचा मिळून गुणाकार हिशोबाला सोपा म्हणून ४० धरू. ३०० गुणिले ४० म्हणजे १२,००० न्यूटन-मीटर. पुढची चाकं निसरड्यावर असतील तर यातला बराचसा मागच्या एक्सलकडे येतो. आता शाफ्टची ताकद. चांगल्या कडक केलेल्या पोलादाचा ३० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ढोबळमानाने ३,००० न्यूटन-मीटरच्या आसपास कायमचा पिळायला लागतो. म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाकडे शाफ्ट मोडायला लागतो त्याच्या चौपट जोर आहे. तरी शाफ्ट रोज का तुटत नाहीत?

कारण इंजिन देऊ शकतं तेवढं सगळं चाक घेऊ शकत नाही. चाक सटकलं की पीळ तिथेच थांबतो. शाफ्टवर जास्तीत जास्त किती भार येणार हे ठरवणाऱ्या गोष्टी तीन: चाकावरचं वजन, जमिनीची पकड आणि टायरची त्रिज्या. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. एक मागचं चाक उचललं गेलं तर दुसऱ्यावर ९०० किलो सहज येतात, म्हणजे सुमारे ८,८०० न्यूटन. कोरड्या कातळावर रबराचा घर्षणांक ०.८ धरला तर चाक ७,००० न्यूटनच्या जरा वर ढकलू शकतं. थारच्या २५५/६५ आर १८ टायरची त्रिज्या साधारण ०.३९ मीटर. गुणाकार येतो २,७५० न्यूटन-मीटर. आपला ३० मिलिमीटरचा शाफ्ट सुटला, पण थोडक्यात सुटला. आता त्याच गाडीला ३५ इंची टायर लावा. त्रिज्या ०.४४ मीटर, पीळ ३,१००. सीमा ओलांडली! लॉकर तोच, शाफ्ट तोच, चालवणाराही तोच. आणि चिखलात, घर्षणांक ०.३ धरला तर, कंपनीच्या टायरवर हाच आकडा हजाराच्या जवळपास उतरतो.

म्हणून माझं मत असं, की शाफ्टच्या मरणाचं खापर लॉकरवर जितकं फोडलं जातं तितकी त्याची लायकी नाही. खरा वाटा पकडीचा आणि टायरच्या आकाराचा. मोठा टायर एकटा येत नाही. तो रुंद असतो, जड असतो, त्यातली हवा कमी करून खडकाला तो जास्त चिकटवता येतो, म्हणजे त्रिज्येबरोबर घर्षणही वाढतं. कंपनीच्या मापाचे टायर आणि लॉकर ही जोडी बहुतेक गाड्यांचे शाफ्ट निमूटपणे सोसतात. टायर दोन-तीन मापं वाढवून लॉकर टाकणाऱ्याने मात्र शाफ्टचा खर्च त्याच दिवशी वहीत मांडून ठेवावा.

या विषयातलं सगळ्यात बदनाम नाव अमेरिकेतलं आहे: डाना ३५. चेरोकी आणि रँग्लर या जीप गाड्यांना हा मागचा एक्सल वर्षानुवर्षं येत असे. त्याच्या शाफ्टच्या टोकाला २७ स्प्लाइन, म्हणजे उभे दात, तिथला व्यास १.१८ इंच, म्हणजे बरोबर आपले ३० मिलिमीटर. रोजच्या वापराला त्यात काही खोट नव्हती. पण अमेरिकेतल्याच मोअ‍ॅबच्या वालुकाश्मावर रबर विलक्षण चिकटतं. तिथे ३३ इंची टायर आणि लॉकर घेऊन गेलेल्यांचे हे शाफ्ट इतक्या वेळा तुटले, की अमेरिकेत हा एक्सल थट्टेचा विषय झाला. २००३ साली जीपने रँग्लरची 'रुबिकॉन' आवृत्ती आणली. तिला पुढे-मागे कारखान्यातूनच लॉकर होते, आणि ट्रान्स्फर केसची लो रेंज नेहमीच्या २.७२ ऐवजी ४ होती. त्या गाडीला मागे डाना ३५ दिला नाही, डाना ४४ दिला. त्याला ३० स्प्लाइन, व्यास साधारण १.३१ इंच, म्हणजे ३३ मिलिमीटरच्या जरा वर. लॉकर असलेल्या गाडीला किती जाडीचा शाफ्ट लागतो, याचं कंपनीनेच दिलेलं उत्तर म्हणून मी याकडे बघतो.

तीन मिलिमीटरने असा काय फरक पडतो, असं वाटेल. पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास ११ टक्के वाढला की ताकद ३७ टक्के वाढते. जड गाड्यांच्या डाना ६० मध्ये ३५ स्प्लाइनचे दीड इंची शाफ्ट बसवतात, ते २७ स्प्लाइनवाल्याच्या दुप्पट ताकदीचे ठरतात. हा घनाचा नियम उलट बाजूनेही गंमत दाखवतो. पिळाचा ताण शाफ्टच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. त्यामुळे शाफ्टच्या गाभ्यातून त्याच्या निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडलं तर वजन २५ टक्के घटतं, पण ताकद जाते जेमतेम ६ टक्के. शर्यतीच्या गाड्यांत पोकळ शाफ्ट दिसतात ते यामुळे. त्याच कारणाने कारखाने शाफ्टची फक्त बाहेरची साल कडक करतात, त्याला इंडक्शन हार्डनिंग म्हणतात, आणि गाभा चिवट ठेवतात.

तुटलेला शाफ्ट हातात आला तर तो लगेच भंगारात टाकू नये, त्याच्या तोंडाकडे नीट बघावं. खडूचा तुकडा दोन्ही टोकांना धरून पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, ४५ अंशांत वळणं घेत तिरपा तुटतो. कारण खडू ठिसूळ असतो आणि ठिसूळ वस्तू पिळात ताणाने फाटते. शाफ्टचं तोंड तसं तिरपं, वळणदार असेल तर पोलाद गरजेपेक्षा जास्त कडक होतं किंवा जोराचा हिसका बसला. सपाट, आडवा, भोवऱ्यासारखी वळलेली खूण असलेला तुकडा असेल तर तो चिवट शाफ्ट भार न सोसून पिळत पिळत गेला. आणि तोंडाचा काही भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर एकाबाहेर एक वर्तुळाकार रेषा, तर उरलेला भाग ताजा आणि खरखरीत, असं दिसलं तर तो त्या दिवशी तुटलाच नव्हता. भेग महिनोन्महिने वाढत होती, शेवटचा दगड केवळ निमित्त. ही भेग बहुतेक वेळा एकाच जागी धरते. स्प्लाइन जिथे संपतात आणि शाफ्टची जाडी एकदम बदलते तिथे. म्हणून चांगल्या घडणीच्या शाफ्टमध्ये मधला दांडा स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवलेला असतो. मुद्दाम. पीळ एका कोपऱ्यात साचण्याऐवजी सगळ्या लांबीत पसरावा हा हेतू. जाड दांडा बघून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं.

शाफ्ट पिळतो म्हणजे किती पिळतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. पाऊण मीटर लांबीच्या ३० मिलिमीटर शाफ्टवर ३,००० न्यूटन-मीटर टाकले तर त्याचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे २० अंश फिरतं. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर तीन मिनिटांहून जास्त. भार सुटला की तो परत सरळ होतो, मर्यादेच्या आत असेल तर. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रोमोलीसारख्या महागड्या मिश्रधातूचा शाफ्ट कमी पिळतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सगळ्या पोलादांची लवचीकता जवळपास सारखीच असते. साधा शाफ्ट आणि क्रोमोलीचा शाफ्ट, व्यास सारखा असेल तर, एका भाराला सारखेच पिळतात. फरक असा की क्रोमोलीचा आणखी बराच पिळूनही मागे येतो, साधा येत नाही.

आपल्याकडे या क्रोमोलीच्या जागी ईएन-२४ हे नाव ऐकू येतं. अमेरिकी ४३४० च्या जवळचं हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद. लेथवर नमुना देऊन शाफ्ट बनवून घेता येतो, आणि स्वस्तात. पण बनवणारा फक्त 'माल ईएन-२४ चा आहे' एवढंच सांगत असेल तर पैसे खिशात ठेवलेले बरे. माल कुठलाही असो, ताकद येते ती त्याला पाणी कसं दिलं यावरून. नीट हीट ट्रीटमेंट न केलेला ईएन-२४ चा शाफ्ट कंपनीच्या साध्या, पण पद्धतशीर कडक केलेल्या कार्बन पोलादाच्या शाफ्टपेक्षा कमजोर निघू शकतो. स्प्लाइनच्या मुळाशी हत्याराचे ओरखडे राहिले असतील तर भेगेला आयतीच जागा मिळते. कडकपणा कितीचा, साल किती खोल, हे लिहून देणारा कारागीर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

लॉकरचे प्रकार शाफ्टला वेगवेगळे वागवतात. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे हाताने लावायचे लॉक आहेत. गाडी थांबवून, अडचण बघून, लॉक लावून सावकाश जायचं. शाफ्टच्या दृष्टीने याहून सभ्य व्यवस्था नाही. २०२० नंतरच्या थारच्या काही प्रकारांत मागे ईटनचा मेकॅनिकल लॉकर येतो. तो आपोआप लागतो, पण दोन्ही चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडल्यावर. त्या फरकाने आतली वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि क्लच दाबले जातात. थारच्या टायरचा परीघ अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे एक चाक थांबलेलं असताना दुसरं ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं, त्या क्षणी दोन्ही एकमेकांना जखडली जातात. हलका अ‍ॅक्सिलरेटर ठेवला तर नुसता 'टक्' असा आवाज येतो. घाबरून पाय दाबला असेल तर तोच धक्का शाफ्टला बसतो. यांत्रिकीतला जुना नियम आहे, की हळूहळू दिलेल्या भारापेक्षा तोच भार एकदम दिला तर ताण दुप्पट होतो. वर काढलेल्या २,७५० ला दोनने गुणून बघा.

ब्रेक लावून फिरत्या चाकाला आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अनेकांना लॉकरची गरीब बहीण वाटते. चढण्याच्या बाबतीत ती कमी पडते हे खरं. पण तिथे डिफरेन्शियल साधंच राहतं, पीळ दोन्हीकडे सारखाच वाटला जातो, आणि एका शाफ्टवर एक्सलच्या निम्म्याहून जास्त भार कधीच येत नाही. शाफ्टला विचाराल तर तो तिलाच मत देईल. दुसऱ्या टोकाला, डिफरेन्शियलच वेल्ड करून टाकण्याचा उद्योग. त्यात दोन्ही चाकं कायमची जोडलेली. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला एक टायर घासतो आणि दोन्ही शाफ्ट उलटसुलट पिळले जातात. ट्रेलरवरून नेऊन फक्त स्पर्धेत उतरवायच्या गाडीला ते चालेल. घाट उतरून ऑफिसला जायच्या गाडीला करू नये.

गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती भरू लागली. जांभ्याचा लाल चिखल, खोल चर, ओढे. चिखलात पकड कमी, तर शाफ्ट सुरक्षित, असा वरच्या गणिताचा अर्थ कुणी काढेल. काढू नये. मोकळ्या चिखलात फिरणारं चाक सुरक्षितच असतं, पण ते चरात फिरता फिरता दगडाच्या कपारीत किंवा मुळाखाली अडकलं की घर्षणाचा हिशोब संपतो. मग चाक सटकूच शकत नाही, आणि मघाचे इंजिनाचे १२,००० न्यूटन-मीटर रांगेत उभे असतात. त्यातच वेगाने फिरणाऱ्या जड टायरची स्वतःची ऊर्जा एका क्षणात शाफ्टमध्ये शिरते. पुढे-मागे, पुढे-मागे करत गाडी झुलवून काढणं तर भेगेला खतपाणी घालण्यासारखंच आहे. रिव्हर्सचा गुणाकारही मोठा असतो आणि पीळ दर वेळी दिशा बदलतो. खरं तर लॉकरची सगळ्यात मोठी कमाई इथे आहे. ज्याच्याकडे तो नाही तो धाव घेऊन, चाकं भिरकावत चढतो. ज्याच्याकडे आहे त्याला चालत्या माणसाच्या वेगाने चढता येतं. हिसके कमी झाले तर लॉकरवाल्या गाडीचा शाफ्ट लॉकर नसलेल्या गाडीपेक्षा जास्तही जगतो. लॉकर लावून पुन्हा धावच घेणाऱ्याला मात्र दोन्हीकडचे तोटे मिळतात.

आणखी एक गोष्ट गाडीची दिमाखदार चाकं निवडताना विसरली जाते. थार, जिप्सी, रँग्लर यांचे मागचे एक्सल सेमी-फ्लोटिंग आहेत. म्हणजे शाफ्ट चाक फिरवतोही आणि बाहेरच्या टोकाला गाडीचं वजनही पेलतो. पिळाबरोबर वाकही त्याच्याच नशिबी. चाकं बाहेर काढणारे स्पेसर किंवा कमी ऑफसेटची अलॉय बसवली की हा वाक वाढतो. ट्रकला आणि जुन्या लँड रोव्हरला फुल-फ्लोटिंग एक्सल असतो. तिथे चाक स्वतंत्र नळीवर दोन बेरिंगांवर बसतं, शाफ्टकडे फक्त पीळ. सीरीज लँड रोव्हरचे १० स्प्लाइनचे हाफ शाफ्ट तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. पण तुटला तर बोल्ट काढून, तुकडा ओढून, दुसरा सरकवायचा, चाक न उतरवता. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघणारे लोक सुटा शाफ्ट सीटखाली टाकून निघत आणि फार कुरकुर करत नसत. तिथे आणखी एक खोड होती. डिफरेन्शियल मध्यावर नसल्याने एक शाफ्ट आखूड होता. आखूड शाफ्ट कमी पिळतो, म्हणून लॉकर लावलेला असताना दोन्ही चाकांना पकड असेल तर भाराचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो.

मजबूत शाफ्ट टाकल्यावर प्रश्न मिटतो असंही नाही, तो पुढच्या दुव्याकडे सरकतो. मग क्राऊन-पिनियनचे दात जातात किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. क्राऊन-पिनियन जंगलात बदलता येत नाही. म्हणून टायर फार मोठे नसतील तर कंपनीचाच शाफ्ट ठेवून जोडीला एक सुटा बाळगणं हा मला शहाणपणाचा सौदा वाटतो. दर वर्षी बेरिंगचं काम निघेल तेव्हा शाफ्ट बाहेर काढून त्याच्या लांबीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या वेळी ती रेघ तिरकी झालेली दिसली, किंवा स्प्लाइनचे दात एका बाजूला वळलेले दिसले, तर तो शाफ्ट मर्यादा ओलांडून आला आहे. दिसायला धडधाकट असला तरी तो परत बसवू नये.

आणि आपल्या एक्सलमध्ये शाफ्ट कशाने धरून ठेवलाय, हे निघण्याआधी मिस्त्रीला विचारून घ्यावं. डाना ३५ सारख्या एक्सलमध्ये तो आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की चाक उरलेल्या तुकड्यासकट बाहेर सरकायला मोकळं होतं. बाहेरच्या टोकाला दाबून बसवलेल्या बेरिंगने धरलेला शाफ्ट आत स्प्लाइनपाशी तुटला तर चाक जागेवर राहतं. मागे लॉकर असल्याने दुसरं चाक चालूच असतं, पुढची चाकं ओढतात, आणि गाडी हळूहळू गावापर्यंत येते. येताना मागचा एकच शाफ्ट सगळा भार घेतोय, तेव्हा लो रेंज सुटण्याइतका रस्ता बरा लागला की ती आधी काढावी.